मागच्या गाडीनं

पिवळी वडाप थांबली आणि कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं आत डोकावून पाहिलं. समोरासमोरच्या दोन बाकांवर माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. "या आजोबा, एक जागा आहे," ड्रायव्हर मान न वळवताच ओरडला, "सरका हो जरा, सरका." जागा खरोखरच होती, मालेमच्या शेजारी, तिनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतलीही होती. म्हाताऱ्यानं त्या जागेकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे मात्र पाहिलं नाही. मग हात हलवून म्हणाला, "जा तुम्ही. मी मागच्या गाडीनं येतो." वडाप निघाली. एवढंच झालं. समोरची बाई पुन्हा फोनमध्ये बुडाली, ड्रायव्हरनं गाणं मोठं केलं, आणि मालेमच्या जिभेवर ओल्या काडेपेटीची चव आली. बाटली काढून ती पाणी प्यायली. चव गेली नाही. ती पाण्यानं जात नाही, कारण ती तोंडात नसतेच, हे तिला ठाऊक होतं. तरी दर वेळी ती पाणी पिऊन पाहत असे. त्या वाक्यात काहीच नव्हतं. मेदानसारख्या शहरात दिवसाकाठी हजार माणसं हे वाक्य बोलत असतील आणि हजारच्या हजार मागच्या गाडीनं घरी पोचत असतील. म्हाताऱ्याची कंबर दुखत असेल. कुणाची तरी वाट पाहायची असेल. तिनं शक्यता एकेक करून मांडल्या, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या लावाव्यात तशा, आणि त्या लावून होईस्तोवर तिची कचेरी मागं पडली होती. ती उतरली तेव्हा समोर ड्युरियनच्या गाड्या होत्या आणि ऊन डांबराला चिकटलं होतं.

कचेरीत पाक हार्योनो, तिचे साहेब, खिडकीशी उभे राहून सलाक सोलत होते. ते जावाकडचे, खवल्यांचं ते फळ ते असं सोलत की साल अखंड सुटून कातीसारखी टेबलावर पडून राही.

"बू मालेम, घामानं निथळताय. चालत आलात की काय?"

"उतरायचं राहिलं, पाक. पुढं गेले."

"रस्ते आखणारी बाई रस्ता चुकली! बाहेर बोलू नका, आपलं खातं आधीच बदनाम आहे." त्यांनी एक फोड तिच्यापुढे केली. "खा. आणि उद्याचं ध्यानात आहे ना? वस्ती रिकामी करायचा सराव झाला की मी सही करून वर पाठवतो."

"ट्रकमागे तीसवर?"

"तीसवरच. तुम्हीच तर भरलाय आकडा."

भिंतीवर नव्या वस्तीचा नकाशा होता. डोंगर जागा झाला त्यानंतर त्याच्या कुशीतली गावं उठवून सरकारनं इथं, पठारावर, रान तोडून एकसारख्या घरांत वसवली होती. डोंगराची आग इथवर पोचत नाही. पण त्यानं ओकलेली राख पावसाळ्यात चिखल होऊन घळीतून उतरते, वस्तीच्या डोक्यावरचा उतारही त्याच राखेनं भुसभुशीत झालाय, आणि वस्तीतून बाहेर पडणारा एकुलता एक रस्ता ती घळ एका मोरीवरून ओलांडतो. भोंगा वाजल्यापासून घळ भरेपर्यंत पाऊण तास मिळेल, असं पाणी मोजणाऱ्यांचं म्हणणं. तेवढ्यात माणसं घळीपलीकडे गेली पाहिजेत. ट्रकच्या हौद्यात तीस माणसं धरली तर वस्ती वेळेत रिकामी होते आणि आहे तो रस्ता पुरतो. वीस धरली तर शेवटची खेप घळीच्या अलीकडेच अडकते. मग पठाराच्या मागल्या अंगानं, कड्यावरून, दुसरा रस्ता काढणं भाग पडतं, आणि त्यावर दोन पूल येतात. तीस हा नियमपुस्तकातला आकडा. हौद्याची लांबी, रुंदी, माणसामागे एवढी जागा, आणि भागाकार. मालेमनं तो महिन्यापूर्वी भरला तेव्हा हात थांबला नव्हता, हे तिला आता आठवत होतं. हात थांबायला हवा होता. पण नियमपुस्तकातला आकडा भरताना माणूस गावाला जात नाही, कचेरीतच बसून राहतो.

दुपारभर ती नकाशासमोर बसून होती आणि नकाशा पाहत नव्हती. बेंकिला, म्हणजे तिचे सासरे, तिच्या वडिलांच्या बहिणीचे यजमान. बिबी, तिची आत्या, हीच तिची सासू. मामाच्या मुलीशी लग्न ही कारो लोकांत सगळ्यांत गोड सोयरीक, त्यामुळे लहानपणी सुट्टीला ती ज्या घरी जायची त्याच घरी पुढं सून म्हणून गेली. लहानपणी ती बेंकिलांच्या खांद्यावर बसून शेतात जाई. ते पॅशनफळ दातानं फोडून तिला देत, बिया तिच्या हनुवटीवर सांडत आणि ते आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसत. त्या बाहीला तंबाखूचा आणि कोबीच्या पानांचा वास होता. लग्नाच्या दिवशी हे संपलं. सासरा आणि सून यांच्यात, तसाच सासू-जावयात आणि मेव्हण्याच्या बायकोशीही, रेबू असतो: एकमेकांशी थेट बोलायचं नाही, तोंडाकडे पाहायचं नाही, स्पर्श नाही, एका फळीवर लागून बसायचं नाही, बसायचंच तर मधे तिसरं कुणीतरी हवं. आदल्या दिवसापर्यंत ज्या माणसाच्या पाठीवर ती घोडा घोडा खेळली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी आला, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि किटलीला म्हणाला, "किटले, तिला सांग, साखर बेतानं घाल. उरलेत ते दात जपायचेत." तिला हसू आवरेना. रडूही. ती म्हणाली, "किटले, त्यांना सांग, साखर कालच्याएवढीच आहे, दातच कमी झालेत." बिबी आतून ओरडली, "अगं, पहिल्याच दिवशी किटलीला उलट बोलतेस!" आणि सगळं घर हसलं.

त्यानंतरची वर्षं ती किटली फार बोलली. मालेमची परीक्षा किटलीला आधी कळे. दिवस राहून तिचं पोट पहिल्यांदा रिकामं झालं तेव्हा बेंकिला किटलीशी किती तरी वेळ बसून होते, आणि शेवटी म्हणाले, "किटले, तिला सांग, डोंगरसुद्धा मधेमधे गप्प बसतो." तिच्या स्वतःच्या वडिलांनी त्या आठवड्यात तिला काहीच म्हटलं नव्हतं, त्यांना थेट बोलायची मुभा होती म्हणूनच कदाचित. मेदानमधल्या मैत्रिणी विचारत, सासऱ्याशी बोलायचं नाही म्हणजे जाच नाही का गं? ती सांगू पाहत असे आणि सांगता येत नसे. शास्त्र शिकलेल्या बाईनं किटलीची गोष्ट सांगावी तर कशी सांगावी? दोन माणसांमधलं अंतर हे रिकामं नसतं, ते कुणीतरी रोज झाडून स्वच्छ ठेवलेलं असतं, असं काहीसं तिला म्हणायचं असे. आणि बसण्याउठण्याचं तर घरात, चर्चमध्ये, लग्नाच्या मांडवात इतकं आपसूक जमून जाई की ते कुणाला दिसतसुद्धा नसे. पाण्यात हात घातला की पाणी सरकतं, तशी माणसं सरकत. फक्त त्यासाठी सरकायला जागा लागते, एवढं साधं गणित होतं.

सकाळी ती पाक हार्योनोंच्या जीपमधून वर गेली. चढावर हवा गार झाली, कानात दडे बसले. मोरीपाशी त्यांनी जीप थांबवली आणि दोघं उतरून घळीत पाहून आली. तळाला राखाडी वाळूत एक चप्पल रुतली होती, पाणी हातभरही नव्हतं. "अशी गरीब दिसते," पाक हार्योनो म्हणाले आणि पुन्हा जीपमध्ये जाऊन बसले. बिबीचं घर वस्तीच्या दुसऱ्या ओळीत. तेरांग, मालेमचा नवरा, बाताम बेटावर जहाजांच्या कारखान्यात होता आणि महिनाकाठी आईला फोन करायचा. बाकी बिबी एकटीच. ओठाच्या कोपऱ्यात तंबाखूची गोळी, डोक्याला घडीचं कापड, आणि कोपऱ्यात, जाड हातमागाच्या वस्त्राखाली झाकलेलं शिवणयंत्र. इथं आल्यापासून बिबीनं त्याला हात लावला नव्हता. डोळे गेले, असं ती सांगे. पण तांदळातला खडा ती अजून हातभरावरून ओळखायची, हे मालेमनं पाहिलं होतं आणि त्याचा विचार करणं टाळलं होतं. आणखी एक गोष्ट होती. चर्चच्या बाकावर बिबी मालेमला आधी आत सरकवायची, मग स्वतः बसायची आणि आपल्या पलीकडे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडायची. कुणी टेकायला लागलं तर पिशवी ठेवायची. मालेमला वाटे, हे आपल्यालाच दाखवणं आहे. ही जागा बघ, असं. ती सबंध प्रार्थनाभर त्या जागेकडे न पाहता बसून राही.

"आलीस? भात खाल्लास?" बिबी म्हणाली. "तुझा तो साहेब बाहेर का उभा? आत बोलव. आमची घरं सगळी सारखी म्हणून भ्यायला का? परवा नांदे उलिनाचा नवरा कॉफी पिऊन आला तो माझ्याच दारात शिरला. म्हणाला, बायको अचानक म्हातारी कशी झाली."

"खोटं बोलू नकोस गं," शेजारच्या दारातून नांदे उलिना म्हणाली. "तो म्हणाला, बायको अचानक गप्प कशी झाली. म्हणून तर ओळखलं त्यानं, घर चुकलं ते."

भोंगा वाजला तेव्हा बायका अजून हसत होत्या. चर्चसमोरच्या मैदानात कोबीचे रिकामे ट्रक लागले होते. हौद्यात दोन्ही बाजूंना फळ्या ठोकून बाकं केलेली. पाक हार्योनोंनी गळ्यातलं घड्याळ दाबलं. पहिली माणसं पटकन चढली. मग वेग मंदावला. एका सासूनं पाय हौद्यावर ठेवला, आत जावई दिसला, पाय मागं घेतला. जावई उठून पलीकडच्या फळीवर गेला. तिथं त्याच्या मेव्हण्याची बायको, म्हणून तो उतरलाच. दोन बायका मधे घुसल्या, एक म्हातारा आत ढकलला गेला, कुणाची तरी सून खाली उतरली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "अरे, बसा कुठंही! कोबीसुद्धा याहून लवकर बसतात!" "कोबीला सासू नसते रे," हौद्यातून आवाज आला, आणि सगळा ट्रक हसला. मग एक वाकलेला बुलांग, म्हणजे आजोबा, पांढऱ्या मिशांचा, हौद्याच्या मागल्या फाळक्याशी आला. आत पाहिलं. जागा होती. "चढा, बुलांग." त्यानं हात हलवला. "तुम्ही व्हा पुढं. मी मागच्या गाडीनं येतो."

मागं गाडी नव्हती. तो शेवटचा ट्रक होता.

डोंगर फुटला तो दिवसही असाच लख्ख होता. डोंगर महिनोन्महिने धुमसत होता, माणसं उठून जात होती, पुन्हा येत होती, आणि त्या रविवारी मालेम नुसती भेटायला गेली होती. मग जमिनीखालून कुणीतरी जड कपाट ओढतंय असा आवाज, कुत्र्यांचं एकदम गप्प होणं, आणि चौकात आलेला कोबीचा ट्रक. बिबी आधी चढली. तिनं शिवणयंत्र सोडलं नाही. मालेमनं ते खालून उचलून दिलं आणि बिबीनं ते मांडीवर घेतलं. मालेम शेवटी चढली आणि फाळक्याशी, तिच्या शेजारी बसली. मालेमच्या आणि फाळक्याच्या मधे एका माणसाची जागा उरली. बेंकिला आले. धावत नव्हते, ते कधीच धावत नसत. त्यांनी ती जागा पाहिली. त्यांनी हौदा पाहिला, शेवटपर्यंत, एकेक डोकं, जणू कुठं पाणी सरकेल ते शोधत होते. मग फाळक्यावर हात ठेवून, फाळक्याकडे पाहत ते म्हणाले, "फाळक्या, तिला सांग, बिबीला सांभाळ. मी मागच्या गाडीनं येतो." त्यांच्या बाहीला वास येत होता. तिला तो आला. आणि तिला बोलता आलं असतं. हे तिला वर्षानुवर्षं उलगडत आलं होतं, दर वेळी नव्यानं: रेबूनं तिचं तोंड बांधलं नव्हतं. रेबूनं तर फाळका दिला होता. फाळक्या, त्यांना सांग, मी उभी राहते. फाळक्या, त्यांना सांग, जागा आहे. एवढं म्हणायला लागतो किती वेळ? पण ट्रकनं गचका घेतला, तिनं दांडी धरली, आणि तिला वाटलं, मागची गाडी येईलच. सगळ्यांनाच वाटलं. वळणावरून तिनं पाहिलं तेव्हा ते शाळेच्या पायरीवर टेकत होते. दोन दिवसांनी राख निवल्यावर ते तिथंच सापडले, बसलेले, हात गुडघ्यावर. डुकरं सोडायला मागं राहिले असं लोक म्हणाले. तेरांगही तेच म्हणाला. बिबीनं ते कधी खोडलं नाही, आणि मालेमनंही नाही. वाट पाहणारा माणूस राखेतही वाट पाहतानाच दिसतो, हे मात्र तिनं तेव्हा पाहिलं आणि ते कुणाजवळ बोलली नाही.

पाक हार्योनोंनी घड्याळ थांबवलं. चेहरा उतरला होता. "हे काय झालं, बू मालेम? ट्रकमध्ये जागा, आणि माणसं मैदानात. शिस्तच नाही."

"शिस्तच आहे ती, पाक."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. कोण कुणाशेजारी बसत नाही, ते का, मधे कोण चालतं. ती नकाशावरची रेघ समजावून सांगावी तशी सांगत होती, आणि ते ऐकत होते; ते माणूस वाईट नव्हते. शेवटी म्हणाले, "ठीक. पण हे साध्या दिवसांसाठी. जीव जातोय तेव्हा कोण बघतं? आपण फलक लावू, चर्चमधून सांगू, संकटात रिवाज बाजूला ठेवा. दोन पुलांपेक्षा फलक बरा. मी वर काय लिहू? सासरा-सुनेसाठी कड्यावरून रस्ता?"

"जीव जातोय तेव्हाही बघतात."

"आता तो हसण्याचा सराव होता म्हणून. खरं संकट आलं की—"

"खरं संकट आलं तेव्हाचंच सांगतेय." तिचा आवाज तिलाच परका वाटला, सपाट, मोजपट्टीसारखा. "हौद्यात जागा होती. माणूस जागेसमोर उभा होता. चढला नाही. शेजारी सून बसली होती. त्यांना कुणी अडवलं नाही, भीतीही नव्हती, अडाणीही नव्हते ते. फलक वाचून ते हसले असते आणि तरी चढले नसते. सुनेला ओशाळं वाटू नये म्हणून. पाक, फलकानं माणसाची माया कमी होत नाही. जागा वाढवून पाहा. मधे बसायला एक माणूस, सरकायला एक जागा, एवढं धरलं की हौद्यात वीस बसतात. तीस कधीच बसले नव्हते. तो आकडा मी भरला. तो चुकला."

 मग पाक हार्योनोंनी आपल्या सवयीनं, हलक्या आवाजात विचारलं, "आकडा बदलायचा तर आधार लागतो, बू मालेम. हे कुठं नोंदलंय?"

"कुठंच नाही. प्रत्यक्ष पाहिलेलं आहे."

"कुणी?"

"मी."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडून नजर काढून फाळक्याकडे पाहिलं, मैदानात ताटकळलेल्या माणसांकडे पाहिलं. कोण, असं त्यांनी विचारलं नाही. मग म्हणाले, "पुन्हा एकदा घेऊ. या वेळी कुणी घाई करायची नाही. जसे बसतात तसे बसू द्या. मी वेळ धरतो." आणि जाता जाता, तिच्याकडे पाठ करून, "दोन पूल म्हणजे वर मला फार बोलावं लागणार. बोलतो."

दुसऱ्यांदा भोंगा झाला. या वेळी मालेमही चढली. कुणीतरी वर ओढलं. बिबी तिच्या मागून आली. "आत सरक," बिबी म्हणाली. मालेम सरकली. बिबी बसली आणि आपल्या पलीकडे, फाळक्याशी, एक जागा सोडली. ट्रक हळूहळू भरत होता. माणसं उठत होती, बसत होती, कुणी कुणाला हाक मारून मधे घेत होतं, आणि पांढऱ्या मिशांचा बुलांग समोरच्या फळीवर दोन नातवंडांच्या मधे बसला होता. नांदे उलिना चढली आणि त्या जागेवर टेकायला लागली, तशी बिबीनं तिथं हात ठेवला.

"कुणाला राखून ठेवलीस गं? नवा कुणी बघितलास का?"

"तू पलीकडे बस," बिबी म्हणाली. तिच्या आवाजात काही होतं, नांदे उलिना पलीकडे गेली.

मालेमनं त्या हाताकडे पाहिलं. फळीवर पालथा ठेवलेला, शिरा वर आलेला. "बिबी," ती म्हणाली, "मला दाखवायला ठेवतेस का ही जागा? ते माझ्यामुळे चढले नाहीत म्हणून?"

बिबीनं तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. समोर पाहत होती.

"तुझ्यामुळे?" ती म्हणाली. "तू कुठं बसली होतीस ते तुला आठवतं. मी कुठं बसले होते ते आठवतं का? तुझ्या आतल्या अंगाला. मी उठून तुला आत सरकवलं असतं आणि तुझ्या पलीकडे बसले असते तर तो माझ्याशेजारी बसला असता. एवढंच करायचं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा, की ही उठते का. आणि माझ्या मांडीवर ते मशीन. लोखंडाचं. उठता येईना मला. खाली ठेवू म्हटलं, तर खाली पाय. बाहेर फेकायचं मनात आलं." ती थांबली. "आलं, आणि वाटलं, चांगलं मशीन आहे."

हौद्यात कुणीतरी हसलं, दुसऱ्याच कशाला. मालेमला वस्त्राखाली झाकलेलं ते यंत्र दिसलं, तांदळातला खडा दिसला, चर्चचं बाक दिसलं, इतक्या रविवारांचं. त्या बाकावर बसून बिबी काय करत होती ते दिसलं. ती दर वेळी उठून मधे बसत होती. तिनं बिबीच्या हातावर हात ठेवला नाही. ठेवायला हवा असं तिला वाटलं, पण ती राखलेली जागा इतकी स्वच्छ होती, की तिकडे हात न्यायचं धाडस होईना. तिच्या जिभेवर ओल्या काडेपेटीची चव होती. या वेळी तिनं पाणी शोधलं नाही.

ड्रायव्हरनं फाळका लावला, कड्या अडकवल्या, आणि पुढं जाऊन ओरडला, "झाले का सगळे? निघू?"

"थांब जरा," बिबी म्हणाली.

"काय राहिलं?"

"थांब म्हटलं ना."

 कुणी विचारलं नाही. या गावातल्या प्रत्येकानं कुणाला तरी मागं टाकलं होतं. पठारावरचा वारा आला, चर्चच्या पत्र्यावर काहीतरी वाजलं. मालेम पुढं वाकली. बिबीच्या समोरून हात लांबवून तिनं फाळक्याच्या वरच्या कडेला बोटं लावली, आणि त्या तापलेल्या लोखंडाला, कुणाच्या तोंडाकडे न पाहता, म्हणाली, "फाळक्या, त्यांना सांग, जागा आहे."

मग बिबीनं आणखी थोडा वेळ जाऊ दिला. एक वाकलेला माणूस घाई न करता चढून नीट बसेल, एवढा.

"चल आता," ती म्हणाली.

मैदानाच्या कडेला पाक हार्योनो उभे होते. हातातलं घड्याळ चालूच होतं. ते त्यांनी थांबवलं नव्हतं. तेवढा वेळही त्यांनी धरला.